नुरुंजीचा दंडवत

योंगदे-री, ४ ऑक्टोबर

योन्सू,

पत्र पाहून दचकू नकोस. समेट करायला लिहीत नाहीये. घटस्फोट तुझा आणि माझ्या गीबोमचा झाला, मी त्यात पडले नव्हते आणि आताही पडणार नाही. गीबोमने माझ्या फोनमधून तुझा नंबर पुसून टाकला. गुनसानचा तुझ्या आईच्या घरचा पत्ता मात्र त्याला पुसता आला नाही, कारण तो माझ्या डोक्यात आहे. दर हिवाळ्यात त्या पत्त्यावर किमचीचे डबे कोण पाठवत होतं?

कामाचं विचारते. नुरुंजी आजारी आहे. सोक्चोला जनावरांच्या दवाखान्यात ठेवलाय, पायाला सलाईन लावलंय. तिथली डॉक्टर ह्योन विचारते, याला पूर्वी असं कधी झालं होतं का, घरी काय खायचा, कशाने बाधतं. मी गीबोमला फोन लावला तर म्हणतो, "मला काय माहीत? मी काय त्याचा आचारी होतो?" कोर्टात मात्र "कुत्रा माझ्या नावावर आहे" म्हणून ताठ उभा राहिला, आणि महिन्याभरात माझ्या दारात सोडून गेला. तेव्हा तूच कळव. लगेच.

काय झालं ते लिहिते. आधीच सांगून ठेवते, मी त्याला काहीही दिलेलं नाही.

चुसोकच्या सणाच्या सकाळी त्याने अंगणात पिवळं पाणी ओकलं. आम्ही म्हटलं, गवत खाल्लं असेल. पुढे पितरांची मांडणी झाली, तुझ्या सासऱ्यांचा फोटो ठेवला, ताटं लागली, पुरुष मंडळींनी गुडघे टेकून माथा जमिनीला लावला. तेवढ्यात हा मागून आला. पुढचे पाय पसरले, दाढीसकट छाती जमिनीला टेकवली आणि ढुंगण वर. तसाच राहिला. धाकटे भाऊजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघा, बघा, आमच्या दादाला दंडवत घालतोय. तुमच्या पोरांपेक्षा याला जास्त वळण आहे." सगळे हसले. गीबोमने फोटो काढला. याने पुन्हा तेच केलं. पुन्हा हसलो. भाऊजींनी बक्षीस म्हणून आपल्या ताटातलं डुकराच्या मांसाचं धिरडं त्याच्यापुढे टाकलं. त्याने ते हुंगलं आणि तोंड फिरवलं. नुरुंजीने तोंड फिरवलं, तेव्हा कुठे मी हसायची थांबले.

दुपारपर्यंत तो ओकतच राहिला. पोटाला हात लावला तर माझ्यावर गुरगुरला. माझ्यावर. भाऊजींच्या टेम्पोतून त्याला सोक्चोला नेला. सणाचा दिवस, एकच दवाखाना उघडा. डॉक्टरने फोटो पाहिला आणि म्हणाली, "आजी, हा नमस्कार नाही. पोट इतकं दुखतंय की असं उभं राहिलं तरच जरा बरं वाटतं त्याला."

घरभर माणसं होती, योन्सू. एकालाही कळलं नाही. मी तुला हे लिहिणार नव्हते.

गू मालसून


योंगदे-री, १५ ऑक्टोबर

योन्सू,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी. "आई" असंही लिहिलं नाहीस, पण अक्षर तुझंच, उजवीकडे कललेलं.

तर दोन वर्षांपूर्वी त्याने ओट्यावरचं डुकराचं मांस पळवलं होतं आणि तेव्हाही असाच पडला होता. तेव्हापासून तू त्याला कमी चरबीचं वेगळं खाणं देत होतीस. आणि कुत्रा नेला त्या दिवशी गीबोमला तोंडाने सांगितलं होतंस की तळलेलं याला विष आहे. मला यातलं अवाक्षर सांगितलं नाही त्याने. मला म्हणाला, "काहीही खातो तो, लाडावू नकोस फक्त." मी एकदाच विचारलं त्याला की का नाही सांगितलंस. म्हणतो, "ती प्रत्येक गोष्टीचं नाटक करते, मला वाटलं हेही नाटकच."

तुझी चौथी ओळ, "तो मला परत द्या." नाही. असं हातात उचलून द्यायला ती भाजी नाही. शिवाय कागदावर तो गीबोमचा, माझाही नाही.

नुरुंजी घरी आलाय. वाळलाय, पण शेपूट हलते. डॉक्टर ह्योनने मला बसवून समजावलं. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असतं, ते अन्न पचवायचा रस करतं. तो रस आतड्यात जाऊन कामाला लागायचा, तो जागच्या जागीच पेटतो आणि ते पिंड स्वतःलाच पचवायला लागतं. तुपकट, तेलकट पोटात गेलं की तसं व्हायचा धोका फार. या दाढीवाल्या जातीच्या रक्तातच चरबी जास्त, म्हणून यांना हे लवकर होतं. मी म्हटलं, "म्हणजे आमच्या गीबोमसारखं. राग बाहेर काढता येत नाही म्हणून स्वतःलाच खातो." ती हसली नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "आजी, इथे बघा." मला धुकं दिसलं, पण मान हलवली.

आता नियम असे. दिवसभर थोडं थोडं, कमी चरबीचं. ताटातलं काही नाही. ओकला, जेवला नाही, कुबड काढून बसला किंवा ते दंडवतासारखं केलं की थांबायचं नाही, तडक आणायचा. उद्या बघू असं म्हणायचं नाही.

तुला वाटत असेल, म्हातारी मागच्या पत्रात खोटं बोलली. आदल्या दिवशी धिरडी तळताना हा माझ्या मांडीला टेकून बसला होता. तळताना तुकडे पडतात. तू तळलीस तेव्हाही पडत होतेच की. पडलेलं मी उचलत नाही, कंबर वाकत नाही माझी. यापलीकडे मला विचारू नकोस.

आणि काळजी करू नकोस. मी त्याला ह्वांगतेचं सार देतेय. हा सगळा गाव दांड्यांवर तोच मासा वाळवून जगतो, इथे व्यायलेल्या कुत्रीला, थकलेल्या कुत्र्याला, प्यायलेल्या नवऱ्याला तेच सार देतात आणि सगळे उठून उभे राहतात. सोक्चोच्या पुस्तकात ते नसेल. आमच्यात आहे.

मालसून


योंगदे-री, २ नोव्हेंबर

योन्सू,

तो पुन्हा आत आहे.

पहिल्यांदा ओकला तेव्हाच उचलला. उद्या बघू म्हटलं नाही. टॅक्सीवाला कुत्रा घेईना. म्हटलं, "मग एकटीला घे, शालीत आहे तो कुत्रा नाही, पोट शेकायची गरम पिशवी आहे." घेतलं.

डॉक्टर ह्योनने सलाईन लावलं, वेदनेचं आणि उलटीचं इंजेक्शन दिलं आणि मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. "आजी, काय दिलंत?"

"फक्त मासळीचं सार."

"छान. कसं करता ते सांगा."

मी सांगितलं. मासा भिजवायचा, काटे काढायचे, पिळायचा. भांड्यात तिळाचं तेल घालायचं, दोन पळ्या, मासा त्यात खमंग परतायचा, मग पाणी. पाणी दुधासारखं पांढरं झालं की समजायचं सार जमलं. मी इतक्या प्रेमाने सांगत होते की तिचा चेहरा बघितलाच नाही.

"आजी," ती म्हणाली, "मासा उत्तम आहे. मासा मीही दिला असता. तेल."

मी म्हटलं, "तेलाशिवाय त्याला सार म्हणत नाहीत."

"मग त्याला सार देऊ नका. उकडलेला मासा द्या."

योन्सू, मी जन्मभर त्या वासावर माणसं उठवलीत. तुझ्या सासऱ्यांना शेवटच्या दिवसांत तेच दिलं. मला वाटलं होतं जीव लावतेय, आणि मी रोज त्याच्या दुखऱ्या पिंडावर तेल ओतत होते. रडले नाही, घरी आले. तिळाच्या तेलाच्या बाटल्या, सोयाबीनच्या तेलाचा डबा, सगळं उचलून शेजारच्या पांगजाला दिलं. ती म्हणाली, "अगं, खुळी झालीस का? तू काय खाणार?" म्हटलं, "उकडलेलं. मेले का माझे पूर्वज उकडलेलं खाऊन?" "मेले की," ती म्हणाली. ते बरोबरच होतं, पण डबा परत घेतला नाही.

काल गीबोम आला. दवाखान्यात माझ्या शेजारी बसला, हात हातात घेतला. मला वाटलं, आला पोरगा. म्हणतो, "आई, त्याचे हाल होताहेत. तूही अडकून पडलीस. आपण त्याला शांतपणे कायमचं झोपवू." मी डॉक्टरकडे पाहिलं. ती म्हणाली, "हा आजार जन्माचा सोबती आहे. पण नीट सांभाळला तर हा कुत्रा वर्षानुवर्षं आनंदात जगेल. आज झोपवावं असं माझ्या मते काहीही नाही." गीबोम तिला म्हणाला, "मालक मी आहे."

बाहेर पार्किंगमध्ये मी त्याला म्हटलं, "तुला नको ना? मग योन्सूकडे जाऊ दे." तेव्हा तो जे बोलला ते तसंच लिहिते, कारण ते मला एकटीला सांभाळता येत नाहीये. म्हणाला, "तिच्याकडे जाण्यापेक्षा मेलेला बरा."

हे माझ्या पोटचं पोर. मी त्याच्या थोबाडीत मारली. चाळिशीच्या माणसाला, भर रस्त्यात. गाडीत बसून निघून गेला.

हे वाचून तू मला चांगली समजू नकोस. तुझ्या बाजूने मारली नाही. कुत्र्याच्या बाजूने मारली.

मालसून


योंगदे-री, १८ डिसेंबर

योन्सू,

तू पाठवलेलं खोकं मिळालं. कमी चरबीच्या खाण्याची पाकिटं आणि वर त्याचा जुना निळा कंगवा. दाढी विंचरून घेताना डोळे मिटून बसतो, हे मला माहीत नव्हतं. चिठ्ठीत "आई" लिहिलंस. बघितलं मी. त्यावर काही बोलत नाही.

नुरुंजी झकास आहे. वजन परत भरतंय. दवाखान्याचा कोरडा दाणा त्याला आवडत नव्हता, आता कोमट पाणी घालून देते, त्यात चमचाभर उकडलेला मासा, काटा काढून, चिमूटभरही मीठ नाही. एकदम जास्त देत नाही. जेवला की थोडं चालवते. विष्ठा बघते. हसू नकोस, सकाळी उठून मी आधी तेच बघते, मग आरशात तोंड. डोळ्यांत तेल घालून जपते त्याला, घरात आता तेवढंच तेल उरलंय.

गावातल्या बायका मला "पथ्यवाली" म्हणतात. मासळीच्या दांड्यांवर कामाला जाते तेव्हा तो पाठीवरच्या झोळीत असतो. बर्फात वारा झोंबतो, त्याची दाढी पांढरी होते, आणि बायका चिडवतात, "मालसून, नातवाला आज काय शिजवलंस?" मी म्हणते, "तुमच्या नातवंडांना शिजवता त्यापेक्षा बरं." पांगजाने त्याला चोरून सॉसेजचा तुकडा द्यायला हात पुढे केला तर तिच्या हातावर मासळीने फटका मारला. वाळलेली ह्वांगते हाताला चांगली लागते. ती तीन दिवस बोलली नाही, मग माझंच उकडलेलं रताळं खायला आली.

खरं सांगू का, घर हलकं झालंय. तळण नाही म्हणजे ओटा चिकट नाही, पडदे धुवायचे नाहीत, केसांना वास नाही. सणाच्या आदल्या दिवशी मी लग्न होऊन आले तेव्हापासून तव्यापुढे उकिडवी बसतेय. तुझ्या सासऱ्यांनी एकदाही येऊन विचारलं नाही की गुडघे दुखतात का. त्यांच्या आईनेही नाही. आणि मीही कुणाला विचारलं नाही. तू त्या वर्षी अर्धी धिरडी कच्ची ठेवून गॅस बंद केलास, उलथनं सिंकमध्ये टाकलंस आणि चालती झालीस, तेव्हा मी उरलेली सगळी एकटीने तळली. तुझ्या नावाने बोटं मोडत. खूप मोडली. आजही वाटतं, सांगून जायला हवं होतंस. पण गॅस बंद केलास ते मला आता तितकं खुपत नाही.

आता वाईट बातमी. गीबोमचा फोन आला. थोबाडीत मारल्यापासूनचा पहिला. म्हणतो, सोल्लालला, नव्या वर्षाच्या सणाला येतोय, पितरांची मांडणी झाली की नुरुंजीला घेऊन जाईन, सोलमधल्या एका डॉक्टरशी बोललोय, तो प्रश्न विचारत नाही. मी म्हटलं, "ये तर खरा." तो म्हणाला, "आई, त्याच्या मानेतल्या चिपवर माझं नाव आहे, कायद्याने तू अडवू शकत नाहीस."

कायद्याने नाही. ते बघू.

तू मधे पडू नकोस. तू आलीस तर तो अजून हट्टाला पेटेल. हे माझं घर आहे, माझा मुलगा आहे आणि माझी भांडणं मला करता येतात.

मालसून


योंगदे-री, १२ फेब्रुवारी

योन्सू,

सगळं सांगते, सावकाश वाच.

सोल्लालला सगळे आले. गीबोम कुत्र्यासाठी पिंजरा घेऊन आला, नवा कोरा, लेबलसुद्धा काढलं नव्हतं. धाकटे भाऊजी आले, त्यांची बायको, मुलं. मी दार उघडून दिलं आणि म्हटलं, या, मांडणी झालीय.

ताटं बघून भाऊजींचा चेहरा उतरला. भात होता. नव्या वर्षाचं तांदळाच्या चकत्यांचं सार होतं, कोंबडीच्या छातीचं, वरची चरबी सगळी काढून. उकडलेला मासा, उकडलेला भोपळा, रताळी, फळं. एक धिरडं नाही. एक तळलेला कण नाही.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "धिरडी?"

"नाहीत."

"दादाला काय वाटेल?"

"तुमच्या दादाला काही म्हणायचं असेल तर त्यांनी येऊन मला म्हणावं. जिवंतपणी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही, आता टाकतील."

भाऊजींच्या बायकोने तोंडाला पदरासारखा हात लावला, पण डोळे हसत होते. सकाळी ती माझ्याआधी उठून तवा शोधत होती, बिचारी. नाही म्हटल्यावर क्षणभर उभीच राहिली. मग बसली. सणाच्या सकाळी ती बसलेली मी प्रथमच पाहिली.

गीबोम म्हणाला, "हे सगळं एका कुत्र्यासाठी?"

"हो," मी म्हटलं. "एका कुत्र्यासाठी. वास आला की तो मागतो, मागितलं की कुणीतरी टाकतं, टाकलं की तो मरतो. म्हणून या घरात वासच नाही."

"झालं, आता त्याचे हाल संपतील," म्हणत तो घोंगडीवर गुडघे टेकायला आला. थोरला मुलगा, पहिला नमस्कार त्याचा. मी मांडणीसमोर जाऊन उभी राहिले. तुझ्या सासऱ्यांच्या फोटोला पाठ करून. असं कुणी करत नाही, मला माहीत आहे. भाऊजी ओरडले, "वहिनी, बाजूला व्हा." मी म्हटलं, "नाही. आधी याने सगळ्यांसमोर सांगावं, कुत्र्याला का मारायचंय."

"आजारी आहे म्हणून," गीबोम म्हणाला.

नुरुंजी तेव्हा दारात बसून आपल्या वाटीचा तळ चाटत होता. पोट भरलेलं, दाढीला दाणे चिकटलेले. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"पार्किंगमध्ये काय म्हणाला होतास ते सांग," मी म्हटलं. "काकांसमोर सांग. बापाच्या फोटोसमोर सांग. नाही सांगितलंस तर मी सांगते."

तो लाल झाला. मी सांगितलं. शब्दाला शब्द. भाऊजींच्या धाकट्या मुलीने नुरुंजीला उचलून मांडीवर घेतलं. मग मी म्हटलं, "ज्या घरात बायकोवरचा राग मुक्या जनावरावर काढतात, त्या घरात पितरांना जेवायला बोलवायची मला लाज वाटते. कुत्र्याच्या मालकाचं नाव बदल. मग नमस्कार कर. नाहीतर मी ताटं उचलते, आणि पुढे या घरात मांडणी होणार नाही. मी तर नाही करणार."

गीबोम म्हणाला, "आई, तू मला तिच्यासाठी असं उघडं पाडतेस?"

"तिचं नाव कुणी काढलं? तूच काढतोस सारखं."

तो तसाच गुडघ्यांवर बसलेला, आणि मला माझा पोरगा दिसला, योन्सू. शाळेतून मार खाऊन यायचा आणि सांगायचा नाही, तसा. वाईट वाटलं. तरी बाजूला झाले नाही. शेवटी भाऊजीच म्हणाले, "गीबोम, कर बाबा काय ते. सार गार होतंय आणि तुझी आई काही हलत नाही."

त्याने फोन काढला. सरकारच्या पानावर मालक बदलायची सोय आहे म्हणे, पितरांच्या ताटासमोर बसूनच केलं त्याने. तुझं नाव टाकायला लागला, दात ओठ खात. मी म्हटलं, "थांब. तिचं नाही. माझं टाक. गू मालसून." त्याने मान वर केली. त्याला वाटलं होतं मी तुझ्यासाठी लढतेय. तुलाही वाटलं असेल. मी बाजूला झाले, त्याने नमस्कार केला, सगळे उकडलेलं जेवले. भाऊजींनी रताळं दोनदा मागितलं, तेही चेहरा वाकडा करून.

जाताना गीबोमने पिंजरा नेला नाही. दारात बूट घालताना विचारलं, "आणि ती भेटायला आली तर?" मी म्हटलं, "तर येईल."

"सणाला आली तर? मी इथे असताना?"

"तर तिच्याशेजारी बसून जेव, नाहीतर बाहेर गाडीत बसून जेव. ताट मी पाठवेन."

तू परत मागितला होतास, मी देत नाहीये. ऐकून घे. तो आता गीबोमचा नाही, तुझाही नाही. तो माझा आहे, त्याचं पथ्य माझं आहे, घर माझं आहे, आणि माझ्या घरात कोण येणार हे आता मी ठरवते. माझा मुलगा नाही, भाऊजी नाहीत, भिंतीवरचा फोटोही नाही.

मी ठरवलंय. ये.

मालसून